मुलीसाठी प्राथमिक शाळा निवडताना: पहिलीच्या प्रवेशाआधी काय बघावं, काय विचारावं

मुलगी पाच वर्षांची होत आली की घरात शाळेचा विषय निघतो आणि बहुतेक वेळा तो बोर्डापासून सुरू होतो. सीबीएसई की स्टेट, इंग्रजी की सेमी, सोसायटीतली बाकीची मुलं कुठे जातात. मी अनेक वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवलं आहे, नात्यातल्या आणि शेजारच्या पालकांबरोबर शाळा बघत हिंडलेही आहे. त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे की सहा वर्षांच्या मुलीला घडवतो तो तिचा रोजचा दिवस. ती किती वाजता उठते, गाडीत किती वेळ बसते, बाई तिच्याशी कशा बोलतात, लघवीला लागली तर मोकळेपणाने सांगून जाऊ शकते का, मैदानावर उतरते का. हे सगळं प्रवेशाआधी बघता येतं. बघायची सवय मात्र आपल्याला नाही. आपण शाळेची इमारत आणि फीचा कागद बघून परत येतो.

पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

आधी वय आणि तारखा

राज्यात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलीला सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलगी जूनमध्ये पहिलीत बसते तेव्हा साडेपाच वर्षांचीच असते आणि वर्गातली सर्वांत लहान ठरते. नियमात बसते म्हणून घालायलाच हवी असं नाही. अशी मुलगी एक वर्ष थांबली तर तिचं काहीही बुडत नाही, उलट पेन्सिल धरणं, सलग बसणं, स्वतःचा डबा उघडणं हे सगळं तिला सोपं जातं. मुलींच्या बाबतीत "ती तशी समजूतदार आहे, जमेल तिला" असं म्हणून लवकर ढकलण्याकडे घरच्यांचा कल असतो. समजूतदार मुलीलाही हाताच्या बोटांची ताकद वयानेच येते.

खासगी शाळांचे अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास निघतात आणि काही शाळांच्या जागा डिसेंबरातच भरतात. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत ज्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव असतात, त्यांची ऑनलाइन प्रक्रिया बहुधा डिसेंबर-जानेवारीपासून पुढे चालते. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांत प्रवेश पाडव्यापासून सुरू होतात. 'गुढीपाडवा, पट वाढवा' ही मोहीम त्यासाठीच असते. तिथे एप्रिल आणि जूनमध्ये शाळापूर्व तयारीचे मेळावेही होतात. प्रवेश घ्यायचा असो वा नसो, त्या मेळाव्याला मुलीला घेऊन एकदा जाच. तिला काय येतं आणि कशाचा सराव हवा आहे ते तासाभरात कळतं. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. थोडक्यात, जून गाठायचा असेल तर शोध आदल्या गणपतीनंतर सुरू करायचा. पावसाळ्यात शाळा बघितली की गळणारं छप्पर आणि चिखलाचं मैदान दोन्ही दिसतात, हा त्यातला आणखी एक फायदा.

घरापासून किती लांब

शिक्षण हक्क कायद्याच्या राज्य नियमांनुसार प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत उपलब्ध असायला हवी. या अंतरामागे विचार आहे, लहान मूल चालत जाऊ शकेल एवढं ते अंतर आहे. यादी करताना पहिल्यांदा चालत जाण्याच्या टप्प्यातल्या सगळ्या शाळा लिहा. जिल्हा परिषद, महापालिका, अनुदानित, विनाअनुदानित, काहीही गाळू नका. मग वीस-पंचवीस मिनिटांच्या प्रवासातल्या लिहा. त्यापलीकडच्या शाळेत काहीतरी फारच वेगळं असेल तरच तिचा विचार करावा. एका बाजूने पाऊण तास म्हणजे रोजचा दीड तास जातो आणि तो मुलीच्या झोपेतून आणि खेळण्यातून जातो.

प्रवासाचा अंदाज रविवारी घेऊ नका. कामाच्या दिवशी, शाळेच्या वेळेला, ज्या वाहनाने ती जाणार त्याच वाहनाने एकदा जा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. शाळेला त्याबद्दल स्पष्ट विचारा, कारण बस पहिल्या थांब्यावर सव्वासातला येत असेल तर वर्ग नऊला भरण्याचा मुलीला काही उपयोग नाही.

बस किंवा व्हॅन असेल तर राज्याचे २०११ चे स्कूल बस नियम लक्षात ठेवा. शाळेची परिवहन समिती असायला हवी आणि मुली प्रवास करत असतील तर बसमध्ये महिला मदतनीस हवी. मदतनीस ताई शेवटची मुलगी उतरेपर्यंत गाडीत असतात का, हा नेमका प्रश्न विचारा. मधल्या थांब्यावर त्या स्वतःच्या घरी उतरून जातात, असं मी पाहिलं आहे. तुमची मुलगी मार्गावरची पहिली किंवा शेवटची असेल तर या एका उत्तरावर निर्णय फिरू शकतो. रिक्षाकाका ठरवणार असाल तर किती मुलं बसवतात हे त्यांना विचारू नका, शाळा सुटताना फाटकाजवळ उभं राहून स्वतः मोजा.

माध्यम

याबाबतीत मी तटस्थ नाही. घरात मराठी बोललं जात असेल तर प्राथमिक शाळा मराठी किंवा सेमी इंग्रजी असावी, असं मला मनापासून वाटतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. मी मात्र धोरणाकडे बोट दाखवणार नाही, वर्गात जे दिसतं ते सांगते. पहिलीतली मुलगी "बाई, चिमणी अंड्यावर बसली की अंडं फुटत कसं नाही?" असं विचारते तेव्हा ती विचार करत असते. तोच प्रश्न तिला अजून न आलेल्या भाषेत विचारायचा असेल तर ती गप्प बसते, आणि गप्प बसणाऱ्या मुलीला सगळे गुणी म्हणतात. मुलींच्या बाबतीत हा धोका जास्त आहे, कारण शांत मुलीकडे कुणाचं लक्ष जात नाही.

इंग्रजीची काळजी खरी आहे, ती बाजूला सारू नये. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी हा विषय आहे. तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी कोण शिकवतं, मुलं त्या तासाला तोंडाने बोलतात की फक्त फळ्यावरचं उतरवतात, हे बघा. सेमी इंग्रजी म्हणजे बहुतेक ठिकाणी गणित, आणि वरच्या वर्गांत विज्ञानही, इंग्रजीतून. ते कितवीपासून हे प्रत्येक शाळेत विचारून घ्या. पहिलीच्या वर्गात गणिताच्या बाई आधी मराठीत समजावून मग इंग्रजी शब्द देत असतील तर सेमीचा फायदा होतो. नुसतेच शब्द पाठ करून घेत असतील तर गणितही जातं आणि इंग्रजीही.

इंग्रजी माध्यमच हवं असेल तर एक प्रश्न स्वतःला विचारा: संध्याकाळी तिच्या शेजारी बसून तिचं पुस्तक तिला समजेल असं सांगणारं घरात कोण आहे? कुणी नसेल तर पहिलीपासून शिकवणी लागते. ती फीच्या हिशेबात धरा आणि तिच्या दिवसातूनही वजा करा. कोणत्याही बोर्डाच्या, कोणत्याही माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणं राज्यात २०२० च्या कायद्याने बंधनकारक आहे. इंग्रजी शाळेत मराठीचा तास खरोखर होतो की वेळापत्रकातच असतो, ते तिथल्या तिसरीतल्या एखाद्या मुलीला मराठी पाटी वाचायला सांगितली की लगेच कळतं.

मराठी शाळा निवडताना पटसंख्या जरूर बघा. पहिलीत सात-आठच मुलं आणि दरवर्षी त्यात घट होत असेल तर शाळा किंवा तुकडी टिकेल का, हे मुख्याध्यापकांशी मोकळेपणाने बोला. आणि शाळा कितवीपर्यंत आहे तेही बघा. आपल्याकडे अनेक शाळा चौथीला संपतात आणि पाचवीला माध्यमिक शाळेत जावं लागतं. त्यात वाईट काही नाही, पण पुढची शाळा कुठे आणि तिथे कसं जायचं, याचं उत्तर आजच माहीत असलेलं बरं.

कागद तपासा

हे काम घरबसल्या होतं. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक, असतो, महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळा शोधली की पटसंख्या, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं यांची माहिती दिसते. ती शाळेनेच भरलेली असते, म्हणून तिच्यावर विसंबू नका. तिथे लिहिलेलं आणि प्रत्यक्षातलं यात किती तफावत आहे हे मात्र शाळेबद्दल बरंच सांगून जातं.

मान्यतेशिवाय शाळा चालवणं शिक्षण हक्क कायद्याने गुन्हा आहे, तरी अशा शाळा निघतात आणि शिक्षण विभागाला दरवर्षी अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर कराव्या लागतात. आपल्या जिल्ह्याची किंवा महापालिकेची यादी एकदा बघा. 'सीबीएसई पॅटर्न' ही पाटी दिसली तर जास्त सावध व्हा. पॅटर्न आणि संलग्नता यांत फार अंतर आहे. संलग्न शाळेला क्रमांक असतो आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. "प्रक्रिया सुरू आहे" हे उत्तर मिळालं तर राज्य सरकारची मान्यता आज कितवीपर्यंतची आहे, त्याचा कागद दाखवायला सांगा.

शाळा चालू असताना जा

ओपन डे, माहितीसत्र, रविवारचा दौरा यांतून इमारत दिसते. शाळा बघायची तर चालू दिवशी, मधल्या सुट्टीच्या थोडं आधी पोचायचं. मुख्याध्यापकांकडे परवानगी मागा. "वर्गात येऊ देत नाही" हे कारण सुरक्षिततेच्या दृष्टीने रास्त असू शकतं, पण मग व्हरांड्यातून दहा मिनिटं बघू द्या, एक जुनी वही दाखवा, असं म्हणता येतं. तेही जमत नाही म्हणणाऱ्या शाळेला माझ्या यादीत जागा नाही.

सर्वांत आधी मुलींचं स्वच्छतागृह. आई असाल तर आत जा, बाबा असाल तर मुलीच्या आईला, आत्याला, आजीला घेऊन जा. मधली सुट्टी संपल्यावर जा, सकाळी नको, कारण सकाळी सगळीच स्वच्छ असतात. दाराची कडी खाली वाकून बघा. सहा वर्षांच्या मुलीचा हात तिथपर्यंत पोचतो का? एका बोटाने सरकते का, की गंजून अडकते? अडकणाऱ्या कडीला लहान मुली इतक्या घाबरतात की दार लोटून, एक हात दाराला लावून बसतात किंवा मैत्रिणीला बाहेर उभं करतात. मैत्रीण आली नसेल त्या दिवशी जातच नाहीत. नळाला पाणी येतं का ते सोडून बघा. बादली भरलेली आहे का, पाणी घ्यायला मग ठेवला आहे का, दिवसाउजेडी आत दिसतं का, फरशी शेवाळलेली आहे का. पहिलीच्या वर्गापासून ते किती लांब आहे, वाटेत मोठ्या मुलांचा घोळका असतो का, साफसफाई कोण आणि किती वेळा करतं.

मी यावर एवढा वेळ घालवते त्याला कारण आहे. ज्या शाळेत स्वच्छतागृह चांगलं नसतं तिथे मुली पाणी प्यायचं टाळतात. बाटली भरलेली परत येते, मुलगी घरात शिरल्या शिरल्या चपला न काढता न्हाणीघराकडे धावते. पुढे लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पोटदुखी. मुलांना यातलं निम्मंही सोसावं लागत नाही. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पुरेसं पाणी हा शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांचाच भाग आहे, त्यामुळे विचारताना संकोच नको. वर्ग चालू असताना मुलीने विचारलं तर जाऊ देतात का, हेही विचारा. "सुट्टीतच जायची सवय लावतो" असं उत्तर पहिलीच्या वर्गाबद्दल आलं तर मला ते चालणार नाही.

मग वर्ग. भिंतीवरचे तक्ते बाजारातून आणलेले आहेत की मुलांनी काढलेली चित्रं, वाकडीतिकडी का असेनात, लावलेली आहेत? चित्रं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आहेत की तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या? कायद्यानुसार प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. प्रत्यक्षात खासगी शाळांत पन्नासच्या तुकड्या सर्रास दिसतात. पन्नास मुलांत बाई कितीही चांगल्या असल्या तरी शांत मुलगी आठवडाभर न बोलता काढू शकते.

कुणीतरी चुकीचं उत्तर देईपर्यंत थांबा, कारण त्या क्षणी वर्ग खरा कसा आहे ते दिसतं. बाई "अगं, असं कसं?" म्हणत वर्गाकडे बघून हसतात का? बाकीची मुलं हसतात का? की बाई विचारतात, "तुला असं का वाटलं, सांग बरं" आणि ती मुलगी सांगते? शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना कायद्याने बंदी आहे. छडी आता फारशी दिसत नाही. पण उभं करणं, नावाने हिणवणं, "मुलगी असून अक्षर असं?" असं म्हणणं अजून चालतं. छडीचा वळ दोन दिवसांत जातो, हे वाक्य मात्र मुली मोठेपणीही विसरत नाहीत.

दुसरीतल्या कुणाची तरी वही मागा आणि मधलं पान उघडा. पहिली पानं सगळ्यांचीच नेटकी असतात. चुकलेल्या अक्षराशेजारी बाईंनी स्वतःच्या हाताने बरोबर अक्षर काढून दिलं आहे का, की पानभर एक तिरकी लाल रेघ आणि खाली सही? मग दुसऱ्या मुलाची वही घ्या. 'माझी आई' हा निबंध दोन्हींत शब्दाला शब्द तोच असेल तर त्या वर्गात मुलं लिहीत नाहीत, उतरवतात. एकीने "माझी आई रात्री मशीनवर बसते" आणि दुसऱ्याने "आईला भात लावायला आवडत नाही" असं लिहिलं असेल, शुद्धलेखनाच्या चार चुकांसकट, तर त्या बाईंकडे तुमची मुलगी खुशाल सोपवा.

पहिली-दुसरीला गृहपाठ देऊ नये आणि दप्तराचं वजन साधारण १.६ ते २.२ किलोच्या आत असावं, असं केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात म्हटलं आहे. शाळा सुटताना एखाद्या मुलीचं दप्तर हातात घेऊन बघा, वजनकाट्याची गरज पडत नाही.

शिक्षकांबद्दल दोनच प्रश्न पुरतात. पहिलीच्या वर्गशिक्षिका इथे किती वर्षं आहेत? आणि गेल्या वर्षी वर्षाच्या मध्येच किती वेळा बदलल्या? अनेक खासगी शाळांत पगार इतका कमी असतो की चांगल्या शिक्षिका टिकत नाहीत. सहा वर्षांच्या मुलीला ऑक्टोबरमध्ये नवीन बाई आणि जानेवारीत आणखी नवीन, हे फार जड जातं. उलट जिल्हा परिषदेच्या शाळेत एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतील तर ते एकत्र कसं शिकवतात ते बघा. काहींना ते उत्तम जमतं, तिसरीची मुलं पहिलीच्यांना वाचून दाखवत असतात. फलटणचं कमला निंबकर बालभवन, कोल्हापूरचं सृजन आनंद विद्यालय, पुण्याचं अक्षरनंदन या मराठी शाळांनी मुलांना बोलू देणारं, हाताने करू देणारं शिक्षण देता येतं हे कधीच दाखवून दिलं आहे. अशी शाळा तुमच्या गावात नसेल. तसा एखादा वर्ग असू शकतो, तो शोधायचा.

मुलगी म्हणून आणखी काय बघायचं

मैदानावर कोण आहे? मधल्या सुट्टीत मुलगे मैदानभर आणि मुली भिंतीकडेला बसलेल्या, असं दिसलं तर क्रीडाशिक्षकांना विचारा की मुलींचा खेळाचा तास कसा होतो. गणवेश बघा. नुसता फ्रॉक किंवा स्कर्ट असेल तर मुलगी झोपाळ्यावर, जंगलजिमवर चढताना सारखी कपडे सावरते आणि मग चढायचंच सोडते. आत तोकडी चड्डी किंवा खेळाच्या दिवशी ट्रॅक पँट चालते का? वर्ग झाडायला, पाहुण्यांना पाणी द्यायला, हार घालायला कोणाला उभं करतात आणि संगणकाच्या खोलीत कळफलकाजवळ कोण बसतं? असे प्रश्न विचारून उत्तर मिळत नाही, अर्धा तास बसलं की दिसतं.

सुरक्षेबद्दल आडपडदा ठेवू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. त्यानंतर राज्य सरकारने सर्व शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि तक्रारपेटी याबाबत आदेश दिले. त्याआधी २०२२ पासून शाळांत मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असणं अपेक्षित आहे. मुख्याध्यापकांना विचारा: समितीत कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, बाहेरून कंत्राटावर येणाऱ्या सफाई कामगारांची आणि बसचालकांची पोलीस पडताळणी कोण ठेवतं, लहान वर्गांच्या मुलींना स्वच्छतागृहात नेताना बरोबर कोण असतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'महिला सेविका, अमुक ताई' असं नावानिशी आलं पाहिजे. आणि एक, काही घडल्याचं कळलं तर शाळा काय करते? पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली अशी गोष्ट पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. "आधी आम्ही आमच्या पातळीवर चौकशी करतो" हे उत्तर ऐकलं तर तिथून निघा.

घरीही तयारी हवी. शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं मुलीला न लाजता सांगा आणि १०९८ हा चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा, क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये ठेवा.

पैसे

फीचा एकच आकडा कधीच घेऊ नका. शिक्षण शुल्क, सत्र शुल्क, उपक्रम, डिजिटल, बस, गणवेश, बूट, पुस्तकं, सहल, गॅदरिंगचे कपडे, सगळं लिहून घ्या आणि आधीच शिकत असलेल्या मुलाच्या पालकांकडून गेल्या वर्षीचा खरा खर्च विचारा. दोन्ही आकडे सहसा जुळत नाहीत. महाराष्ट्रात शुल्क विनियमनाचा २०११ चा कायदा आहे. फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मंजूर व्हावी लागते, त्या समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि मंजूर फी दोन शैक्षणिक वर्षं बांधील असते. मंजुरीचा कागद मागा. गणवेश आणि वह्या-पुस्तकं ठरावीक दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही.

प्रवेशासाठी देणगी घेणं आणि मुलांची किंवा पालकांची मुलाखत घेऊन निवड करणं, दोन्ही शिक्षण हक्क कायद्यात निषिद्ध आहे. देणगी घेतल्यास तिच्या दहापटीपर्यंत दंड आहे, निवड चाचणीसाठी पहिल्यांदा २५ हजारांपर्यंत. "फक्त गप्पा मारायला आणा मुलीला" असं म्हटलं तरी त्यावरून प्रवेश ठरत असेल तर ती चाचणीच.

आता घरातल्या एका गोष्टीबद्दल. मुलाला फीची इंग्रजी शाळा आणि मुलीला फुकटची सरकारी, अशी वाटणी मी फार घरांत पाहिली आहे. सरकारी शाळा चांगली असेल तर ती दोघांसाठी चांगली असते. मुलीसाठी शाळा ठरवताना "मुलगा असता तर मी हीच निवडली असती का?" हा प्रश्न नवरा-बायकोने एकमेकांना एकदा विचारावा.

पंचवीस टक्के आरक्षणाखाली खासगी विनाअनुदानित शाळेत आठवीपर्यंत फीमाफ शिक्षण मिळू शकतं. वंचित गटांना (अनुसूचित जाती-जमाती वगैरे) उत्पन्नाची अट नाही, आर्थिक दुर्बल घटकांसाठी वार्षिक एक लाखापर्यंत उत्पन्नाचा दाखला लागतो. सरकारी शाळा जवळ असेल तर खासगी शाळेला यातून सूट देणारा राज्याचा २०२४ चा बदल मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला, त्यामुळे या जागा आजही आहेत. अर्ज बाद होतात ते बहुधा भाडेकरारावरून. करार नोंदणीकृत हवा आणि तारखा चालू हव्यात, तेव्हा तो अर्जाच्या कितीतरी आधी करून ठेवा. नकाशावर घराची खूण नीट लावा, अंतर त्यावरूनच मोजलं जातं. आणि शाळा बघताना या जागांवरची मुलं वेगळ्या तुकडीत बसवतात का, ते डोळ्यांनी बघा. तसं करायला मनाई आहे.

मुलगी १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेली असेल आणि घरी पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर लेक लाडकी योजनेत ती पहिलीत गेल्यावर सहा हजार रुपये मिळतात. जन्मानंतरची नोंद राहिली असेल तर अंगणवाडी सेविकांकडे आत्ताच जा.

प्रवेशाच्या दिवशी

जन्मदाखला, आधार, रहिवासी पुरावा, लागू असेल तर जातीचा दाखला, फोटो, एवढं पुरतं. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

या दिवशी घाईत सुटणारी गोष्ट म्हणजे शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद. मुलीचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात, हे तिथे जसं लिहिलं जाईल तसं ते दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत जातं आणि पुढे जात पडताळणीला प्राथमिक शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, म्हणजे याच रजिस्टरमधल्या नोंदीची प्रत, मागतात. नोंद करणाऱ्या गुरुजींच्या शेजारी बसून एकेक अक्षर वाचून घ्या, मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंगसकट. पोटजात नुसती बोलून सांगू नका, दाखल्यावरचे शब्द दाखवा. शाळा सोडल्यावर ही दुरुस्ती करायची म्हणजे शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या खेपा ठरलेल्या.

जून ते दिवाळी

पहिला पंधरवडा रडण्याचा असतो, त्यावरून शाळेला नावं ठेवू नका. "आज काय शिकवलं?" असं विचारलं की "काही नाही" हेच उत्तर येतं. त्याऐवजी डबा कुणाबरोबर खाल्ला, बाई कशावर हसल्या, कोण रडलं, असं विचारा. रोज बाटली आणि डबा उघडून बघा.

ऑगस्टपर्यंत मुलीने वर्गातल्या दोन-तीन मैत्रिणींची नावं सांगायला हवीत आणि घरी शाळा-शाळा खेळताना ती 'बाई' होऊन बाहुल्यांशी कशी बोलते ते कान देऊन ऐका. ओरडणं, कोपऱ्यात उभं करणं त्या खेळात सारखं येत असेल तर वर्गशिक्षिकांना भेटा. सकाळी पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही, अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागलं, अमुक एका माणसाचं नाव निघालं की गप्प होते, यांपैकी काहीही दिसलं तर पालकसभेची वाट बघू नका.

आणि शाळा चुकलीच असेल तर वर्ष पूर्ण करायचा हट्ट धरू नका. वर्षाच्या मध्येही प्रवेश घेता येतो. सरकारी आणि अनुदानित शाळांत आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही, आणि सोडत असलेल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि दाखल्यावरचं नाव आणि जन्मतारीख तिथेच उभं राहून पुन्हा वाचून घ्या.